शाहिराला स्मारक नको, मजुरी द्या

सोलापूर जिल्ह्याने महाराष्ट्राला दोन थोर शाहीर दिले, हे वाक्य सभा-समारंभांतून इतक्या वेळा उच्चारले जाते की त्यातील लबाडी आता कोणाच्या ध्यानात येईनाशी झाली आहे. पेशवाईच्या उत्तरकाळातील सोलापूरचे रामजोशी आणि विसाव्या शतकातील बार्शीचे अमर शेख हे ते दोघे. यातील 'दिले' हे क्रियापद मोठे सोयीचे आहे. कोणी किती श्रम केले आणि त्या श्रमांचा मोबदला कोणी चुकविला, हे दोन्ही प्रश्न त्या एका शब्दाखाली गाडले जातात. वस्तुतः जिल्ह्याने शाहीर दिले नाहीत. शाहिरांनीच जिल्ह्याला आणि राज्याला आपला गळा, आपली लेखणी आणि आपले आयुष्य दिले. त्याच्या बदल्यात त्यांना हार, शाली आणि मरणोत्तर जयंत्या मिळाल्या. हा व्यवहार न्याय्य होता काय, आणि आज तरी तो बदलला आहे काय, याचा हिशेब कधीतरी मांडलाच पाहिजे.

रामजोशींच्या घराण्याविषयी परंपरेने सांगितली जाणारी हकिगत या दृष्टीने फार बोलकी आहे. त्यांचे थोरले बंधू मुद्गल हे पुराणिक होते. श्रोत्यांसमोर बसून वाणीच्या बळावर त्यांना रंगविणे हाच त्यांचा व्यवसाय. धाकट्या भावानेही वाणीचाच व्यवसाय पत्करला. पण तो तमाशाच्या फडात गेला आणि लावण्या रचू लागला. परिणामी त्याला घराबाहेर पडावे लागले. पुढे पंढरपुरास जाऊन त्यांनी संस्कृत विद्या संपादन केली, मोरोपंतांशी त्यांचा स्नेह जडला आणि ते कीर्तनालाही उभे राहू लागले, तेव्हा कोठे प्रतिष्ठितांनी त्यांना जवळ केले. एकाच घरातले दोन भाऊ, दोघांचेही भांडवल जिभेवरचे. एकाला मान आणि दुसऱ्याला हद्दपारी! आक्षेप बोलीव कवितेला नव्हताच. ती कोणासमोर बोलली जाते, याला होता. दोनशे वर्षे उलटली तरी तो आक्षेप वेष पालटून तसाच उभा आहे.

गिरणीतून आलेला कवी

अमर शेख यांचे मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. जन्म बार्शीचा, २० ऑक्टोबर १९१६ चा. त्यांची आई मुनेरबी जात्यावर ओव्या गात असे आणि मराठी कवितेचा पहिला धडा या मुसलमान मुलाने त्या जात्यापाशी घेतला. जातीधर्माच्या भिंती उभारणाऱ्यांनी एवढी एकच गोष्ट नीट ध्यानात घेतली तरी पुष्कळ होईल. १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा हे सोलापूरचे चार वीर येरवड्याच्या तुरुंगात फासावर चढले, तेव्हा हा मुलगा चौदा वर्षांचा होता. लष्करी कायदा अनुभवलेल्या जिल्ह्यात तो वाढला. गरिबीने शिक्षण पुरे होऊ दिले नाही. पाणी भरणे, मोटारगाडीवर क्लीनर म्हणून राबणे, गिरणीत मजुरी करणे, अशी कामे त्याने केली. बार्शीच्या गिरणीतील संपात तो पुढे होता आणि त्यापायी त्याला विसापूरचा तुरुंग पाहावा लागला.

१९४४ साली अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांच्यासमवेत त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. भारतीय जननाट्य संघाची स्थापना त्याच्या आदल्याच वर्षी मुंबईत झाली होती. आंध्रात शेख नाझर यांच्यासारखे कलावंत बुर्रकथेतून हेच काम करीत होते. म्हणजे ही काही एका जिल्ह्याची वा एका पक्षाची लहर नव्हती. कष्टकऱ्यांच्या भाषेतूनच त्यांच्या जीवनाचा अर्थ सांगण्याची ती देशव्यापी धडपड होती. पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात अमर शेख यांच्या पहाडी आवाजाने मैदाने भारून टाकली. 'अमरगीत' (१९५१), 'कलश' (१९५८) आणि 'धरतीमाता' (१९६३) हे त्यांचे संग्रह. 'पहिला बळी' हे त्यांचे नाटक. 'युगदीप' आणि 'वख्त की आवाज' ही नियतकालिके त्यांनी चालविली आणि 'प्रपंच' (१९६१) या चित्रपटात भूमिकाही केली. आचार्य अत्र्यांनी त्यांना महाराष्ट्राचा मायकोव्हस्की म्हटले.

१९६९ साल उजाडले. १३ जूनला अत्रे गेले. १८ जुलैला अण्णा भाऊ साठे विपन्नावस्थेत निवर्तले. त्यांचे वय अवघे अठ्ठेचाळीस. २९ ऑगस्टला मोटार अपघाताने अमर शेख यांना वयाच्या बावन्नाव्या वर्षी ओढून नेले. अकरा आठवड्यांत महाराष्ट्राचे तीन बुलंद आवाज थांबले. राज्य मात्र नऊ वर्षांपूर्वीच स्थापन झालेले होते. त्या राज्यासाठी घसा फोडणाऱ्यांना त्या राज्याच्या अंदाजपत्रकात कोणते स्थान मिळाले? पुतळा, तिकीट, पुरस्काराचे नाव, विद्यापीठातील अध्यासन: हे सारे मिळाले, परंतु सारे मागाहून. जिवंतपणी मिळाली ती अनिश्चितता.

नाशवंत श्रमाचे अर्थशास्त्र

ही केवळ कृतघ्नता आहे असे म्हणून सुस्कारा टाकणे सोपे आहे. पण कृतघ्नतेलाही अर्थशास्त्र असते. ॲडम स्मिथने १७७६ साली आपल्या प्रसिद्ध ग्रंथात गायक, नट आणि वक्ते यांची गणना अनुत्पादक श्रम करणाऱ्यांत केली. कारण त्याने असे दिले की, त्यांचे काम ज्या क्षणी निर्माण होते त्याच क्षणी नाहीसे होते. मागे विकता येईल अशी वस्तू उरत नाही. मार्क्सने या विचारातील मेख उघडी केली. एखादी गायिका आपल्या मर्जीने गाऊन पैसे मिळवते तेव्हा भांडवलशाही तिला अनुत्पादक मानते. तीच गायिका, तेच गाणे एखाद्या कंत्राटदारासाठी गाऊ लागली की ती उत्पादक ठरते, कारण आता तिच्या गळ्यातून दुसऱ्याचा नफा निघतो. म्हणजे 'उत्पादक' हा शब्द गाण्याबद्दल काहीच सांगत नाही. नफा कोणाच्या खिशात गेला, एवढेच तो सांगतो.

शाहिराचे दुर्दैव नेमके येथे आहे. त्याचा पोवाडा मैदानात उभा राहतो आणि मैदानातच विरतो. त्याने संपकऱ्यांच्या मनात जी हिंमत उत्पन्न केली, निवडणुकीत जी मते वळविली, राज्यनिर्मितीला जे बळ दिले, त्याची नोंद कोणत्याही खतावणीत होत नाही. छापील पुस्तकाला किंमत असते, आवृत्ती असते, मानधन असते. पोवाड्याची आणा-दोन आण्यांची चोपडी सभेत खपली तर खपली. आणि टीकाकार हिशेबाला बसतात ते फक्त छापलेल्या पानांचा. मग त्यांना अमर शेख 'गायक म्हणून मोठे, कवी म्हणून मध्यम' वाटू लागतात. ज्या कवितेचे अर्धे शरीर डफाच्या थापेत, झीलकऱ्यांच्या सुरात आणि श्रोत्यांच्या प्रतिसादात आहे, तिचे उरलेले अर्धे शरीर कागदावर मांडून तिला पांगळी ठरविण्याचा हा प्रकार आहे. वीणा बाजूला ठेवून, श्रोते उठवून, केवळ टिपणे वाचून कीर्तनकाराची परीक्षा करण्यासारखेच ते आहे.

१९६६ साली विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या दोन अमेरिकी अर्थशास्त्रज्ञांनी रंगमंचीय कलांच्या अर्थव्यवहाराचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : यंत्राने कारखान्यातील उत्पादकता वाढते, तिथली मजुरीही वाढत जाते, पण चार वादकांची रचना वाजवायला शंभर वर्षांपूर्वी चार माणसे लागत, आजही चारच लागतात, वेळही तेवढाच लागतो. म्हणून इतर क्षेत्रांच्या तुलनेत या कला सतत महाग होत जातात आणि निव्वळ तिकिटावर त्या जगू शकत नाहीत. सोलापूरकरांना हे समजायला अमेरिकेला जाण्याचे कारण नाही. हातमाग गेला, यंत्रमाग आला. एका कामगाराने चालवायच्या मागांची संख्या वाढली. डफावर पडणाऱ्या थापेचा वेग मात्र वाढविता येत नाही. दोन तासांचा पोवाडा दोन तासच घेतो आणि त्यामागची दहा वर्षांची तालीमही दहा वर्षेच घेते. बाजाराच्या तराजूत शाहीर हरणारच. तो तराजू बाजूला ठेवायचा की नाही, हा समाजाच्या इच्छेचा प्रश्न आहे.

कलापथक ही शाळाच होती

आणखी एक गैरसमज दूर केला पाहिजे. शाहीर जन्मावा लागतो, तो घडविता येत नाही, असे मोठ्या भक्तिभावाने म्हटले जाते. या भक्तीत मोठी काटकसर दडलेली आहे. जे जन्मतःच येते त्याला शाळा नको, शिक्षक नको, शिक्षकाचा पगारही नको! प्रत्यक्षात शाहिरी ही शिकण्याचीच विद्या आहे. नवा मुलगा प्रथम मागे उभा राहतो, झील धरतो. श्वास कोठे घ्यायचा, शब्द कोठे तोडायचा, गर्दी ढिली पडली तर चाल कशी बदलायची, हे त्याला मुख्य शाहिराच्या पाठीमागे उभे राहून कळते. पुढे तो एखादा चौक स्वतः रचतो. तो तालमीत म्हटला जातो, सहकारी त्यातला भरणा काढून टाकतात, अडणारा शब्द बदलतात. याला लेखनाचे शिक्षण म्हणायचे नाही तर कशाला म्हणायचे?

लाल बावटा कलापथक हे असे विद्यालय होते. राष्ट्र सेवा दलाचे कलापथकही तसेच होते. वसंत बापट यांच्यासारख्या कवीने त्यासाठी लेखणी झिजविली आणि निळू फुले, राम नगरकर, दादा कोंडके यांच्यासारखे कलावंत सेवा दलाच्या मुशीतून पुढे आले. या विद्यालयांना इमारत नव्हती, मान्यता नव्हती, अनुदान नव्हते. म्हणूनच चळवळी ओसरल्या तेव्हा ती निमूटपणे बंद पडली. सोलापुरात लक्ष्मी-विष्णू आणि नरसिंग गिरजी यांसारख्या गिरण्या बंद पडल्या, तेव्हा निदान कामगारांच्या थकबाकीसाठी मोर्चे निघाले. गिरणीच्या फाटकावरची सभा बंद पडली आणि तिच्याबरोबर शाहिराचा श्रोता व शाहिराची शाळा दोन्ही गेली. त्यांच्या थकबाकीचा दावा कोणीही लावला नाही.

नियमित वेतनाने कवीचे काय होते, हे पाहायचे असेल तर नारायण सुर्वे यांच्याकडे पाहावे. फुटपाथवर सापडलेले हे मूल, गिरणीत राबलेला हा मुलगा पुढे मुंबई महापालिकेच्या शाळेत शिपाई झाला आणि मग शिक्षक झाला. 'ऐसा गा मी ब्रह्म' (१९६२) आणि 'माझे विद्यापीठ' (१९६६) या संग्रहांचे मोल त्या पगाराने ठरत नाही, हे खरे. परंतु महिन्याच्या पहिल्या तारखेची शाश्वती असलेल्या माणसाला कवितेशी प्रामाणिक राहणे थोडे कमी महाग पडते, हेही तितकेच खरे. १९९५ साली परभणीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद सुर्वे यांच्याकडे चालत आले. बार्शीत १९८० साली गं. बा. सरदार यांच्या अध्यक्षतेखाली संमेलन भरले, तेव्हा बार्शीच्या शाहिराला जाऊन दहा वर्षे होऊन गेली होती.

दोष डाव्यांचाही आहे

सत्ताधाऱ्यांनी शाहिराला घाबरावे, त्याच्यावर बंदी आणावी, हे त्यांच्या स्वभावाला धरूनच झाले. मोरारजी देसाई यांच्या कारकिर्दीत लाल बावटा कलापथकाला बंदीला तोंड द्यावे लागले आणि तमाशाला 'लोकनाट्य' हे नाव घेऊन पुन्हा उभे राहावे लागले. पण ज्यांच्यासाठी शाहीर गात होता त्यांनी तरी त्याला कसे वागविले? सर्व छटांच्या डाव्या पक्षांनी, समाजवादी असोत वा कम्युनिस्ट, शाहिराचा उपयोग बव्हंशी गर्दी जमेपर्यंतच केला. पुढारी व्यासपीठावर आले की शाहिराने थांबायचे. भाषण हा विचार आणि पोवाडा ही करमणूक, अशी ही वाटणी! धोरण ठरविणाऱ्या समितीत शाहिराला जागा नव्हती आणि पूर्णवेळ कार्यकर्त्याला मिळणारे तुटपुंजे मानधनही त्याच्या वाट्याला येईलच याची खात्री नव्हती. श्रमाला दाम मिळालाच पाहिजे असे गिरणीमालकाला बजावणाऱ्यांनी आपल्याच मंडपातील श्रमिकाला मात्र 'त्याग' शिकविला. त्या त्यागाचा भार कोणावर पडला? घरातल्या बायकामुलांवर पडला. अमर शेख यांची कन्या मल्लिका अमर शेख या स्वतः समर्थ कवयित्री. त्यांचे 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' हे १९८४ साली प्रसिद्ध झालेले आत्मकथन चळवळीतल्या पुरुषांनी पुन्हा एकदा सावकाश वाचावे. चळवळीच्या घरात बाईच्या वाट्याला काय येते, याचा तो जबानी पुरावा आहे.

इकडे काळ कसा उलटला पाहा. १९८६ साली शिकागो शहरातील ग्रीन मिल या मद्यगृहात मार्क स्मिथ नावाच्या बांधकाम मजुराने कविता-सादरीकरणाच्या स्पर्धा सुरू केल्या. तिथून 'स्पोकन वर्ड' नावाचा प्रकार जगभर गेला आणि आता मुंबई-पुण्याच्या उपाहारगृहांतून तिकीट लावून सादर होऊ लागला. तरुण मुले-मुली उभी राहून आपले बोलतात, ऐकणारे पैसे मोजून ऐकतात, लेखनाच्या कार्यशाळा सशुल्क चालतात. यात वाईट काहीच नाही. कवितेला दाम मिळतो आहे, हे चांगलेच आहे. प्रश्न एवढाच आहे की, उभे राहून कविता बोलणे ही इंग्रजी नाव धारण केल्यावर कला ठरते आणि सोलापूरच्या विडी-कामगाराची मुलगी तेच डफावर करू लागली की ते 'पथनाट्यवाल्यांचे काम' का ठरते? फी भरू शकणाऱ्याला लेखनगुरू मिळतो. ज्याच्याजवळ सांगण्यासारखे सर्वांत जास्त आहे त्याला मिळत नाही. विद्येची ही वाटणी वर्गाच्या रेषेवरूनच झालेली आहे.

'सरकारी भाट' होतील काय?

यावर एक गंभीर आक्षेप घेतला जाईल, आणि तो टाळून चालणार नाही. शाहिराला सरकारी पैसा मिळाला की तो सरकारचा भाट होईल. उपाशी का होईना, तो स्वतंत्र असलेला बरा. या आक्षेपात तथ्य आहे. सरकारी योजनांची जाहिरात करणारी कलापथके गावोगाव फिरतात आणि शाहिरीचा साचा वापरून शाहिरीचा आत्मा काढून घेतात, हे कोणी नाकारू नये. परंतु उपाशी शाहीर स्वतंत्र राहतो, हे कोणी सिद्ध केले? उपाशी शाहिराला विकत घेणे सर्वांत स्वस्त पडते. निवडणुकीच्या हंगामात कोणत्याही पक्षाच्या प्रचारगाडीवर चढणारा कलावंत मनाने विकला गेलेला नसतो. त्याच्या घरातले धान्य संपलेले असते.

म्हणून भेद करायला हवा तो सादरीकरणाचा पैसा आणि शिकविण्याचा पैसा यांत. शाहिराने काय गावे यासाठी सरकारने एक छदामही देऊ नये. त्याने शिकवावे यासाठी मात्र पगार द्यावा. प्राध्यापक सरकारी अनुदानातून वेतन घेऊन सरकारच्या अर्थनीतीवर टीका करू शकतो, तर शाहिरीचा शिक्षक का करू शकणार नाही?

साधने मुळीच नाहीत असेही नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ साली पदवीची अट न घालता व्यवसायातील अनुभवी व्यक्तींना अध्यापक म्हणून नेमण्याची मुभा दिली. मंजूर पदांच्या १० टक्क्यांपर्यंत अशा नेमणुका करता येतात आणि त्यांत साहित्य व ललित कला यांचाही समावेश आहे. मात्र हा मार्ग कंपन्यांतील निवृत्त अधिकाऱ्यांसाठीच राखीव असल्यासारखा वापरला जाण्याचा धोका आहे. शिवाय या नेमणुका मुदतीच्या आहेत. सोलापुरात २००४ सालापासून स्वतंत्र विद्यापीठ आहे. त्याने या मुभेचा उपयोग करून एक शाहीर, एक बुर्रकथाकार आणि एक कीर्तनकार यांना अध्यापक म्हणून नेमावे. राज्य शासन वृद्ध कलावंतांना मानधन देते. २०२४ मध्ये ते दरमहा ५,००० रुपये करण्यात आले. वाढ स्वागतार्ह आहे. पण या योजनेचा अर्थ असा होतो की, कलावंताने तारुण्यात कसे जगावे हे त्याचे त्याने पाहावे. तो थकला, गळा बसला, की मग राज्य त्याची विचारपूस करील. जी विद्या पुढच्या पिढीला द्यायची ती गळा शाबूत असतानाच द्यावी लागते.

दुसरी जागा ग्रंथालयांची. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाने खेड्यापाड्यांपर्यंत अनुदानित ग्रंथालयांचे जाळे उभे राहिले. त्यांत कोणी कोणते पुस्तक वाचावे हे मंत्री ठरवीत नाही. त्याच धर्तीवर सोलापूर शहरात आणि तालुक्याच्या गावी ग्रंथालयांनी आठवड्यातून दोन संध्याकाळी लेखन-गायनाचे वर्ग चालवावेत, शिक्षकाचे वेतन अनुदानातून द्यावे आणि देखरेख वाचक, कामगार संघटना व विद्यार्थी यांच्या समितीकडे ठेवावी. वर्ग एका भाषेचा असू नये. रामजोशींनी अनेक भाषा एकाच लावणीत नांदविल्या. त्यांच्या गावात आजही मराठी, कानडी, तेलुगू आणि उर्दू एकाच गल्लीत ऐकू येतात. पहिला वर्ग कुंभारीच्या रे नगरात उघडावा. असंघटित कामगारांनी वर्षानुवर्षे लढून मिळविलेल्या त्या वसाहतीतील १५,००० घरे जानेवारी २०२४ मध्ये हाती आली. ज्यांनी घर मिळविले त्यांना त्या लढ्याचा पोवाडा स्वतः रचता आला पाहिजे. नाहीतर त्याचा इतिहास कोनशिलेवर ज्यांची नावे आहेत तेच लिहितील.

तिसरे कर्तव्य पक्षांचे आणि कामगार संघटनांचे. प्रत्येक संघटनेने आपल्या वार्षिक अंदाजपत्रकात कलापथकासाठी ठराविक वाटा राखून ठेवावा, कलावंताला कार्यकर्त्याइतकेच मानधन द्यावे आणि जिथे निर्णय होतात त्या बैठकीत त्याला बसवावे. जे शासनाकडे मागायचे ते प्रथम आपल्या घरात करून दाखविले नाही, तर मागणीला धार येत नाही.

शाहीर अमर शेख यांची जन्मशताब्दी २०१६ साली होऊन गेली. आणखी काही वर्षांनी सव्वाशेवी येईल. मंडप पडतील, गळ्यात हार पडतील आणि 'जिल्ह्याने महाराष्ट्राला शाहीर दिले' हे वाक्य पुन्हा उच्चारले जाईल. तोपर्यंत बार्शीत, सोलापुरात, कुंभारीत डफ हाती धरणारी आणि स्वतःचा चौक स्वतः रचणारी पन्नास मुले-मुली तयार झाली नसतील आणि त्यांना शिकविणाऱ्याच्या हातात दरमहा वेतन पडत नसेल, तर तो समारंभ न केलेलाच बरा. कामगाराची थकबाकी ठेवून त्याच्या तसबिरीला हार घालणाऱ्या मालकाला जिल्ह्यातील कष्टकऱ्यांनी कधी माफ केलेले नाही. शाहीरही कामगारच आहे, आणि त्याची थकबाकी मोठी आहे.